मदत हवी आहे: ऑस्ट्रेलियातल्या आदिवासी प्राणिकथांची चित्रपुस्तकं

मेलबर्नमधल्या मराठी वर्गातल्या ४ ते ७ वयाच्या मुलांना ऑस्ट्रेलियाच्या मूळ रहिवाशांच्या प्राणिकथा वाचून दाखवायच्या आहेत. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या ब्रूम गावच्या, मूळ रहिवाशांची पुस्तकं काढणाऱ्या मागाबाला प्रकाशनाची यादी पाहिली आहे. त्यापलीकडचं काही सुचवाल का?

नुसतं ‘ॲबोरिजिनल दंतकथा’ लिहिलेलं पुस्तक नको. तिथे अडीचशेहून अधिक भाषा होत्या, आणि प्रत्येक गोष्ट ठरावीक लोकांची, ठरावीक भूमीची असते. कथा कोणत्या समाजाची, सांगितली कोणी, परवानगी कोणाची, हे पुस्तकात छापलेलं हवं. हा आग्रह उगाच नाही. डेव्हिड उनायपन या नरिंजेरी समाजातल्या मूळ रहिवासी लेखकाने जमवलेल्या कथा १९३० मध्ये विल्यम रॅमसे स्मिथच्या नावावर छापल्या गेल्या. उनायपनच्या नावाने त्या यायला २००१ उजाडलं.

चित्रंही बघायला हवीत. टिडालिक बेडूक सगळं पाणी पिऊन बसतो, ईल माशाचा नाच बघून त्याला हसू फुटतं आणि पाणी बाहेर लोटतं, ही गोष्ट आग्नेय ऑस्ट्रेलियातल्या गिप्सलँडच्या गुनाइकुर्नाई लोकांची. ती ठिपक्यांच्या चित्रांत दिसली तर मला शंका येते, कारण ती शैली मध्य ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातली, १९७१ नंतर तिथल्या पापुन्या या वस्तीतून पसरलेली. आग्नेयेकडे ढालींवर आणि पॉसम या झाडावर राहणाऱ्या प्राण्याच्या कातड्यावर कोरलेल्या रेषा असतात.

टिडालिकची, आणि बदक व पाणउंदरापासून प्लॅटिपस झाल्याची, अशा दोन गोष्टींच्या आवृत्त्या आधी हव्यात. पानावर तीन-चार ओळीच असाव्यात, म्हणजे वाचता वाचता मराठीत सांगता येतं आणि मुलं चुळबुळ करत नाहीत. पुठ्ठ्याच्या पानांची आवृत्ती सुचवणार असाल तर मजकूर छाटलेला नाही ना, तेवढं कळवा.