काळ्या टी-शर्टवर डेट्रॉइट टेक्नो: मजकूर काय, छपाई कशी?

रंकाळा_९०९
टेक्नो, म्हणजे यंत्रांवर केलेलं नाचाचं संगीत, घडवलं अमेरिकेतल्या डेट्रॉइटच्या कृष्णवर्णीय पोरांनी, हे सांगणारे ४० काळे ओव्हरसाइज टी-शर्ट काढायचेत. पाठीवर पांढऱ्या रंगात नावं आणि सालं, देवनागरीत. डीटीएफ (फिल्मवर छापून उष्णतेनं कापडावर चिकटवणं) की स्क्रीन (जाळीतून शाई दाबून छापणं)? आणि मजकुरात लोक काय चुकतात?

पेठेतला_बेस
पहिली चूक म्हणजे सुरुवात १९८८ पासून धरणं. त्या साली ब्रिटनमध्ये डेट्रॉइटच्या टेक्नोचं संकलन निघालं आणि टेक्नो हे नाव तिकडं रुजलं, एवढंच. १९८१ पासून धरा: सायबोट्रॉन हा बँड, म्हणजे ह्वान ॲटकिन्स आणि रिक डेव्हिस. मग १९८५, ॲटकिन्सचं मेट्रोप्लेक्स रेकॉर्ड लेबल. डेरिक मे आणि केव्हिन सॉन्डरसन त्याच्याच बेलव्हिल हायस्कूलचे. जर्मन बँड क्राफ्टवर्कचा प्रभाव होताच, पण रेडिओवर डेट्रॉइटचा डीजे इलेक्ट्रिफाइंग मोजो त्यांच्या जोडीला पार्लमेंट हा फंक बँड आणि गायक प्रिन्सही लावायचा. नुसते जर्मन छापलेत तर सगळा मुद्दाच गेला. फ्रँकी नकल्स हा डीजे शिकागो हाउस या वेगळ्या संगीताचा, त्याला या यादीत घुसडू नका.

स्क्वीजी_कोल्हापूर
भावा, एकच रंग आणि ४० नग, तर स्क्रीनच. पाठभर डीटीएफ म्हणजे अंगावर प्लास्टिकचा पापुद्रा, उन्हात घाम जिरत नाही. इचलकरंजीचं मागावर विणलेलं कापड इथं उपयोगाचं नाही. तिरुपूरचं होजिअरी घ्या, २४० जीएसएम (चौरस मीटरला २४० ग्रॅम), १००% कॉटन. पॉलिस्टर मिसळलेलं असेल तर कापडाचा रंग शाईत चढतो आणि पांढरं राखाडी दिसतं.

४३टी जाळी (सेंटिमीटरला ४३ धागे), प्लास्टिसॉल (उष्णतेनं पक्की होणारी शाई), एक हात मारून फ्लॅश (थोडी उष्णता देऊन वरवर सुकवणं), वर दुसरा हात. फ्लॅश बोटाला चिकटायचं थांबेपर्यंतच. जास्त भाजलं की दुसरा थर पहिल्याला धरत नाही, धुण्यात सोलून येतो. शेवटी शाई आतपर्यंत १६० अंशांना पोचली पाहिजे. गार झाल्यावर छपाई दोन्ही हातांनी ताणा. भेगा पडल्या तर कच्ची आहे.

देवनागरीत १ मिमीपेक्षा बारीक रेघ ठेवू नका. ‘ॲ’चा चंद्र आणि ‘क्ष’ची पोकळी आधी बुजते. पावसाळ्यात इमल्शन (स्क्रीनवरचा प्रकाशानं घट्ट होणारा लेप) पूर्ण वाळल्याशिवाय एक्स्पोज केलंत, म्हणजे उजेड दिलात, तर धुताना अक्षरंच निघून जातात.

रंकाळा_९०९
छातीवर अंडरग्राउंड रेझिस्टन्स या डेट्रॉइटच्या टेक्नो गटाचा लोगो चालेल?

पेठेतला_बेस
विकणार असाल तर अजिबात नको. ते स्वतः त्यांचे टी-शर्ट विकतात. नाव, साल, शहर एवढं छापा. लोगो आणि रेकॉर्डची कव्हरं परवानगीशिवाय नाहीत.

स्क्वीजी_कोल्हापूर
छाती कोरीच ठेवा, एक स्क्रीन वाचेल. आणि ४० साठी ४३ शर्ट मागवा, सेटिंगला दोन-तीन जातातच.