मदत हवी आहे: बोटीवरून आलेल्या नवऱ्याला नागीण, आणि अंतराळवीरांबद्दलचा एक प्रश्न

नमस्कार मंडळी,

आम्ही मुलुंडला राहतो. नवरा बोटीवर सेकंड इंजिनियर आहे, वय ४१. या खेपेचं कॉन्ट्रॅक्ट सहा महिन्यांचं होतं, पण रिलीव्हर, म्हणजे बदली माणूस, येईना आणि त्याचे आठ महिने झाले. घरी आल्यावर चौथ्या दिवशी म्हणाला, डाव्या बरगडीखाली आग आग होतेय. उष्णतेने होत असेल असं वाटलं. दोन दिवसांनी तिथे पाण्याने भरलेल्या फोडांचा पट्टा उठला, पोटापासून पाठीपर्यंत, आणि बरोबर मणक्यापाशी थांबलेला. बनियन घासलं तरी कळवळायचा. सासूबाईंनी बघताक्षणी सांगितलं, ही नागीण.

डॉक्टरांचंही तेच निदान. लहानपणच्या कांजिण्यांचा विषाणू मज्जातंतूंच्या मुळाशी दबून बसतो, प्रतिकारशक्ती ढासळली की उठतो. "ताण होता का?" असं त्यांनी विचारलं तेव्हा हा गप्प. रात्री सांगितलं की शेवटचे दोन महिने सलग चार तासांच्या वर झोपच मिळाली नव्हती. इंजिन रूमचा अलार्म वाजला की खाली पळायचं, आणि बोटीचं घड्याळ तर सारखं पुढे-मागे. मला फोनवर रोज "सगळं बरंय" म्हणायचा.

आता प्रश्नाकडे येते. शुभांशु शुक्ला अंतराळ स्थानकावर जाऊन आल्यापासून आमची आठवीतली मुलगी अंतराळवेडी झाली आहे. तिच्यामुळे कळलं की अंतराळवीरांच्या बाबतीतही असंच काहीसं होतं. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या नासाच्या अभ्यासात स्पेस शटलच्या छोट्या मोहिमांवरच्या ८९ पैकी ४७ जणांच्या, आणि अंतराळ स्थानकावर दीर्घकाळ राहिलेल्या २३ पैकी १४ जणांच्या लाळेत किंवा लघवीत हर्पिस कुळातले विषाणू सापडले. त्यात कांजिण्यांचाही होता. बहुतेकांना त्रास काहीच झाला नाही, पण शरीराचा पहारा सैल पडला होता हे नक्की. ताणाची संप्रेरकं, म्हणजे कॉर्टिसोल वगैरे, वाढतात आणि प्रतिकारशक्तीच्या पेशी सुस्तावतात, असं कारण दिलं आहे.

इथेच मी अडकले. १९८३ च्या स्पेसलॅब (शटलमधली प्रयोगशाळा) मोहिमेत माणसाच्या रक्तातल्या लिम्फोसाइट, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी नुसत्या वर नेल्या होत्या, आणि त्यासुद्धा चेतवूनही जवळजवळ जाग्याच झाल्या नाहीत. कुपीतल्या पेशीला कसली आलीय घरची आठवण? मग दोष वजन नसण्याचा की ताणाचा? वजनाचाच असेल तर आमच्या घराशी याचा संबंध नाही. ताणाचा आणि झोपेचा असेल, तर ते लोक काय काळजी घेतात हे मला हवंय. हा ऑक्टोबरमध्ये परत साइन ऑन करणार, म्हणजे बोटीवर रुजू होणार आहे. आणि नागिणीची लस घ्यावी का? कृपया जाणकारांनी सांगा.

*

सूक्ष्मदर्शी: ताई, मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. तुमची शंका अगदी योग्य जागी आहे. दोन्ही कारणं खरी आहेत. पण अंटार्क्टिकात हिवाळाभर अडकून राहणाऱ्यांच्या लाळेतही याच कुळातला एपस्टाइन-बार विषाणू जागा झालेला सापडला आहे, आणि तिथे वजन तर आपल्यासारखंच असतं. म्हणजे कोंडलेपण, तुटक झोप आणि ताण एवढंही पुरतं.

आशेची गोष्ट पुढे आहे. स्थानकावर व्यायामाची चांगली यंत्रं आली, सामान नियमित पोचू लागलं, घरच्यांशी बोलणं वाढलं, तसे नंतरच्या वर्षांतल्या अंतराळवीरांमध्ये ताण आणि विषाणू दोन्ही कमी दिसले. तेव्हा तो फोन नुसता "बरंय"वर संपू देऊ नका. लस आपल्याकडे मुख्यतः पन्नाशीनंतर देतात, त्याआधी घ्यायची का हे डॉक्टरच ठरवतील. आणि फोड ओले असतील तोवर, ज्यांना कांजिण्या झालेल्या नाहीत अशा मुलांना आणि गरोदर बायकांना जपा.

दर्यावर्दी६२: सूनबाई, मी चीफ इंजिनियर म्हणून निवृत्त झालो. २००६ च्या सागरी कामगार करारात चोवीस तासांत किमान दहा तास विश्रांती लिहिली आहे, त्यातला एक तुकडा सलग सहा तासांचा, आणि आठवड्याला ७७ तास. कागदावर हे नेहमी बरोबर भरलेलं असतं. आमच्या वेळी मीही कित्येकदा खोटं भरून सही केली आहे, त्याचं आज वाईट वाटतं. त्याला सांगा, विश्रांतीच्या तासांचा तक्ता खरा भर आणि कमी पडलं की कॅप्टनला लेखी दे.

धागाकर्ती: दोघांचेही मनापासून आभार. त्याला दोन्ही प्रतिसाद वाचून दाखवले. सहा तासांच्या ओळीवर त्याने मला थांबवून परत वाचायला लावलं. फोड सुकलेत, पण बरगडीतला ठणका अजून रात्री उठवतो, म्हणून शनिवारी परत डॉक्टरांकडे जातोय. तेव्हा लसीचंही विचारते आणि इथेच कळवते.