माइनक्राफ्टचा सर्व्हर घरात चालतोय, बाहेरून कुणी येईना

कडकभाकरी: सोलापुरात अशोक चौकात राहतो. जुन्या पीसीवर माइनक्राफ्ट जावाचा सर्व्हर टाकलाय. घरात मी अन् धाकटा मस्त खेळतो, पुण्यातला मित्र जोडायला गेला की टाइमआउट. राउटरवर गेमचा पोर्ट (बाहेरून आत यायचं दार) २५५६५ उघडलाय, फायरवॉललाही सांगितलंय. दोन रविवार गेले बे यात!

चादरवाला: राउटरमध्ये वॅन आयपी, म्हणजे नेटवाल्यानं राउटरला दिलेला पत्ता, बघ. १०० नं सुरू, अन् पुढचा आकडा ६४ ते १२७ मधला असेल तर सीजीनॅट, म्हणजे नेटवाला एकच बाहेरचा पत्ता बऱ्याच गिऱ्हाइकांत वाटतो. मग पोर्ट कितीही उघड, उपयोग शून्य. नेटवाल्याकडं स्टॅटिक आयपी (फक्त तुझा, न बदलणारा पत्ता) माग.

कडकभाकरी: १००.७२ निघाला! नेटवाला म्हणतो, "गेमला कशाला पायजे?"

सातरस्ता: तोवर तू अन् मित्र दोघांनी टेलस्केल (दोन्ही पीसी खासगी नेटवर्कात जोडणारं ॲप) टाका, फुकटात भागतं. अन् वर्ल्ड फोल्डरची (गेममधलं बांधकाम सेव्ह होतं तो) रोज कॉपी काढ. आमच्यात लाइट गेली अन् बांधलेला अख्खा किल्ला गेला.