बेलापूरच्या खाडीत ३० फुटी शिडाच्या बोटीला साखळी किती, दोर किती?

ऐरोलीकर:
बोट ३० फुटी, वजन साडेचार टन, विंडलासची (नांगर ओढायच्या यंत्राची) जिप्सी, म्हणजे साखळी पकडणारं खाचांचं चाक, ८ मिमीची. बेलापूरहून मांडवा, मुरूड करत गोव्यापर्यंत जायचा बेत आहे. सध्या नांगराला १० मीटर साखळी आणि मच्छीमार वापरतात तसला हिरवा दोर आहे. पूर्ण साखळी घ्यावी की साखळी-दोर जोडून?

खाडीवरचा:
आधी तो हिरवा दोर काढा. तुकडा बादलीत टाकून बघा, तरंगला तर पॉलीप्रॉपिलीन. पाणी पालटताना तो सैल पडून वर येतो आणि बोटीच्या पंख्यात (प्रोपेलरमध्ये) जातो. उन्हाने त्याची कुसळं निघतात ती वेगळीच. तीनपेडी नायलॉन घ्या, १४ मिमी, पण तेवढा दोर जिप्सी घेते का ते तपासा. नायलॉन ताणतो आणि लाटेचा झटका स्वतः सोसतो. पॉलिस्टर बुडतो खरा, पण पुरेसा ताणत नाही.

आता लांबी. नाळेपासून (बोटीच्या पुढच्या टोकापासून) तळापर्यंतच्या उंचीच्या काही पट साखळी-दोर सोडायचा असतो. आपल्याकडे नेमकी इथेच चूक होते. ओहोटीला ३ मीटर पाणी दिसलं, नाळ पाण्यापासून १ मीटर वर, म्हणून ४ च्या पाचपट, २० मीटर सोडले. उधाणाला पाणी साडेचार मीटर चढलं की उंची होते साडेआठ, आणि तुमचे २० मीटर अडीचपटही उरत नाहीत. नांगर वर ओढला जातो आणि गाळातून सुटतो. हिशोब भरतीचाच धरा: साडेआठच्या पाचपट साडेबेचाळीस मीटर, वारा असेल तर सातपट, म्हणजे ६०. माझं मत: ३० मीटर साखळी, पुढे ४० मीटर नायलॉन.

वाशीचा नाखवा:
खडकाळ तळावर दोर घासतो. मुरूड-जंजिऱ्याच्या बाजूला नांगर टाकायचा तर मी ६० मीटर साखळीच सुचवीन.

खाडीवरचा:
खडकाचं पटतं. पण ८ मिमी साखळी मीटरला सुमारे १.४ किलो, ६० मीटरचे ८४ किलो एवढ्या बोटीच्या नाळेत बसले की ती लाटेत डोकं खुपसते. ३० मीटरचे ४२ किलो झेपतात. खडकाळ जागी तळावर साखळीच राहील एवढ्याच पाण्यात थांबा.

साखळी घेताना नुसतं '८ मिमी' म्हणू नका. बाजारात लांब कडीचीही मिळते, ती जिप्सीवर उड्या मारते. फूटपट्टी लावा: पहिल्या कडीच्या आतल्या कडेपासून अकराव्या कडीच्या त्याच कडेपर्यंत २४० मिमी भरलं पाहिजे. हॉट-डिप गॅल्व्हनाइज्डच हवी.

साखळी-दोराचा जोड शॅकलने (पिनवाल्या लोखंडी कडीने) नको, जिप्सीतून जाणार नाही. शेवटच्या कडीतून दोन पेड एका बाजूने, एक उलट बाजूने ओवा आणि दोरात किमान सहा वेळा विणा. कडीत गाळ भरून तिथेच पेड झिजतात. दर मोसमाआधी तेवढा तुकडा कापून नवी वीण घाला.

पामबीच:
आणखी तीन गोष्टी. भरती-ओहोटीत बोट दर सहा तासांनी उलटी फिरते, त्यात नांगर आणि साखळी जोडणाऱ्या शॅकलची पिन सैल होते. पिन तारेने बांधाच. बोट उभी असताना ताण विंडलासवर ठेवू नका. साखळीला १२ मिमी नायलॉनचा ७-८ मीटर तुकडा हुकने अडकवून खुंटाला बांधा.

दोराचं आतलं टोक लॉकरच्या कडीला शॅकलने नको, पातळ दोरीने बांधा, आणि ती दोरी डेकवर येईल एवढी लांब ठेवा. नांगर अडकला आणि बोट सोडवायची वेळ आली तर सुरीने कापता येते.