जालन्याचा धूर : चिमण्या उंच करून प्रश्न सुटेल का?

कुंडलिकाकाठ :
छत्रपती संभाजीनगर, जालना आणि लातूर ही मराठवाड्यातील तीन शहरे, हवा मानकांपेक्षा दूषित असलेल्या शहरांसाठीच्या केंद्र सरकारच्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या यादीत आहेत, तरी जालन्यात धुराचा विषय निघाला की पोलाद कारखान्यांच्या चिमण्या उंच करा, एवढेच ऐकू येते. माझा याला विरोध आहे. भट्टीत भंगार टाकतानाचा बराचसा धूर चिमणीपर्यंत पोचतच नाही. तो शेडच्या पत्र्यांतून बाहेर पडतो. थंडीत गच्चीवर वाळत घातलेल्या तुरीवर सकाळी काळी पूड बसलेली असते आणि ती लोहचुंबकाला चिकटते.

मोसंबीबाग :
हा पुरावा मला मान्य नाही. आपली काळी माती बेसाल्टपासून बनलेली असल्यामुळे तिच्यातही चुंबकाला चिकटणारे खनिज असते. शिवाय पऱ्हाट्या जाळतो तो धूर आपण धरतच नाही. उंच चिमणीला शास्त्राचा आधार आहे : धुराची प्रभावी उंची (चिमणीची उंची अधिक धूर तिच्यावर जितका चढतो तेवढी) दुप्पट झाली, तर जमिनीवरचे प्रदूषकाचे कमाल प्रमाण साधारण चौथाईवर येते.

कुंडलिकाकाठ :
मातीचा मुद्दा बरोबर आहे. चुंबकाचा दाखला मी मागे घेतो. मात्र चौथाईचा हिशोब हवा नीट मिसळत असते तेव्हाचा आहे. हिवाळ्यात निरभ्र रात्री जमीन लवकर निवते, तिच्यालगतची हवा वरच्या हवेपेक्षा थंड होते आणि वरचा उबदार थर झाकणासारखा बसतो, त्यामुळे शेडमधला धूर त्याखाली कोंडतो. उंच चिमणीचा धूर रात्रभर वर तरंगतो खरा, पण ऊन चढून जमीन तापली की हवा वरखाली होऊ लागते आणि तोच धूर, मुले शाळेला निघालेली असताना, खाली उतरतो.

भट्टीशेजारी :
मी भट्टीवर काम केले आहे, म्हणून लिहितो. मातीची किंवा रस्त्याची धूळ जाड असते आणि जवळच खाली बसते. भंगारातल्या गॅल्व्हनाइज्ड पत्र्यावरचे जस्त मात्र ९०७ अंश सेल्सिअसला उकळते आणि भट्टी १६०० अंशांच्या आसपास असते. त्या वाफेचे निवताना मायक्रॉनहूनही (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही) बारीक पांढरे कण होतात, जे कित्येक दिवस हवेत राहतात आणि श्वासावाटे फुप्फुसात खोलवर जातात. त्यांना अडवायचे ते भट्टीच्या तोंडाशीच. भंगार पडताना हूड, म्हणजे भट्टीवरचा धूर ओढून घेणारा टोप, जागेवर असला पाहिजे, पंख्याची ओढ पुरेशी पाहिजे आणि धूर गाळणाऱ्या बॅगफिल्टरच्या कापडी पिशव्या धड पाहिजेत. आमच्याकडे क्रेनच्या आड येतो म्हणून हूड बाजूला सारलेला असे, आणि त्या वेळी चिमणी अगदी स्वच्छ दिसत असे, म्हणून तपासणी भंगार टाकतानाच व्हावी.

मोसंबीबाग :
हूडची अट मला पटते, आणि तपासणी भंगार टाकण्याच्या वेळीच व्हावी हेही पटते. परंतु पंख्याच्या विजेचा खर्च लहान कारखान्याला झेपेल का, याचे उत्तर मिळेपर्यंत मी उंच चिमणीची मागणी सोडणार नाही.