गार्टलँड ३: बाहेरून दोन वायर पुरतात का?

ऑर्थो_निवासी
वय ६ वर्षं, सुप्राकाँडिलर (कोपराच्या जरा वर दंडाचं हाड मोडलंय), एक्स्टेंशन प्रकार, गार्टलँड ३ म्हणजे तुकडे पूर्ण सरकलेले. खालचा तुकडा मागे आणि आतल्या बाजूला सरकलाय. नाडी लागते. क्लोज्ड रिडक्शन करून (न कापता हाड जागेवर बसवून) १.६ मिमीच्या दोन के-वायर (हाड धरून ठेवणाऱ्या बारीक तारा) बाहेरून, म्हणजे कोपराच्या बाहेरच्या बाजूने, टाकायचा बेत आहे. युनिटमधले सीनियर म्हणतात, आतून एक हवीच, नाहीतर तुकडा फिरतो. खरंच फिरतो का, आणि कशामुळे?

बालअस्थी
फिरतो, पण बहुतेक वेळा दोष वायर कशा बसवल्या त्याचा असतो. दोन्ही वायर फ्रॅक्चरच्या रेषेवरच एकमेकींना छेदतात किंवा जवळजवळ जातात, मग तुकडा त्यांच्याभोवती फिरायला मोकळा. रेषेवर दोघींत हाडाच्या रुंदीच्या निदान एक तृतीयांश अंतर हवं, वर जाताना त्या फाकायला हव्यात आणि दोन्हींनी पलीकडचा कॉर्टेक्स (हाडाचा कठीण बाहेरचा थर) भेदायला हवा. टोक कॉर्टेक्सला नुसतं टेकलं असेल तर ती वायर मोजू नका. बाहेरून टाकलेल्या दोघींतली आतल्या बाजूची वायर ओलेक्रॅनन फोसातून (कोपराच्या मागच्या खळग्यातून) गेली तर बिघडत नाही, उलट जास्त कॉर्टेक्स मिळतात.

गार्टलँड ३ ला तिसरी वायर बाहेरूनच टाका. मग सी-आर्मखाली (ऑपरेशनमधल्या एक्स-रे यंत्राखाली) हात आत-बाहेर फिरवून बघा. फट उघडली तरच आतून वायर. तीही बाहेरच्या बसल्यावर, कोपर ९० अंशांपेक्षा बरंच सरळ करून, छोटा छेद घेऊन. कोपर पूर्ण वाकवलेलं असताना काही मुलांत अल्नार नर्व्ह (कोपराच्या आतल्या बाजूची नस) एपिकाँडाइलच्या, म्हणजे तिथल्या हाडाच्या उंचवट्याच्या, पुढे घसरते आणि वायर तिच्यातूनच जाते.

सी_आर्म
आधी रिडक्शन. कोपर २०-३० अंश वाकवून सावकाश ओढा, आडवं सरकणं आणि फिरकी काढा, मग ओलेक्रॅननवर (कोपराच्या मागच्या टोकावर) अंगठा रेटत कोपर वाकवा. मागे-आत सरकलेल्याला प्रोनेशन (तळहात खाली वळवणं). कोपराच्या पुढे त्वचा खळी पडल्यासारखी आत ओढली असेल तर वरच्या तुकड्याचं टोक ब्रेकिॲलिसमध्ये (दंडाच्या पुढच्या स्नायूत) रुतलंय. तसंच ओढू नका, आधी स्नायू बोटांनी दाबत खाली सरकवून टोक सोडवा. लॅटरलला (बाजूने घेतलेल्या एक्स-रेत) ह्यूमरसची, म्हणजे दंडाच्या हाडाची, पुढची रेषा कॅपिटेलममधून (त्याच्या खालच्या टोकाच्या गोल भागातून) जायला हवी. बॉमन अँगल (समोरून घेतलेल्या एक्स-रेत हाडाच्या खालच्या टोकाचा झुकाव मोजणारा कोन) दुसऱ्या हाताशी ताडून पाहा, आत झुकलेलं राहिलं तर क्युबिटस व्हेरस (कोपर आत वळलेलं वाकडेपण), आणि ते वाढीत सुधारत नाही.

भूल देण्याआधी मुलाला अंगठा वर करायला लावून नोंद ठेवा. या सरकण्यात रेडिअल नर्व्हला (अंगठा वर उचलायला लावणाऱ्या नसेला) धोका जास्त, आणि नंतर वाद नको.

बालअस्थी
स्लॅब (अर्धं प्लास्टर) कोपर ६०-७० अंशांत ठेवून. ९० च्या पुढे वाकवून बांधणं म्हणजे सुजलेल्या कोपरात रक्तपुरवठा अडवणं. रात्री मूल अस्वस्थ, रडणं थांबत नाही, वेदनाशामक वारंवार लागतंय, असं दिसलं तर नाडी लागते म्हणून निर्धास्त राहू नका; कापसासकट सगळं बँडेज उघडा, कंपार्टमेंट (हाताच्या स्नायूंच्या कप्प्यांत दाब वाढलाय का) तपासा. आठवड्याने एक्स-रे, ३-४ आठवड्यांनी वायर ओपीडीतच निघतात. नंतर मालीश, जोर लावून कोपर सरळ करणं नाही, हे आईवडिलांना लेखी द्या. गावाकडे हाडवैद्याकडे जाणारे हमखास असतात.