रिफर्बिश्ड ॲपल वॉच सिरीज १ की सिरीज ३? दुकानात उभं राहून काय काय तपासायचं?

मुळाकाठ (प्रश्न)

नमस्कार मंडळी. जुनं, रिफर्बिश्ड ॲपल वॉच घ्यायचं आहे. दोन पर्याय समोर आहेत.

पहिला: सिरीज ३, ४२ मिमी, ॲल्युमिनियम, जीपीएस. किंमत ४,५०० रुपये. दुकानदाराची तीन महिन्यांची गॅरंटी. "बॅटरी नवीन टाकली आहे" असं सांगतो.
दुसरा: सिरीज १, ३८ मिमी. किंमत १,८०० रुपये, गॅरंटी नाही.

फोन आयफोन ११. गरज साधी आहे: फोन आणि मेसेज मनगटावर कळावेत, रोजचं चालणं मोजलं जावं, हृदयाचे ठोके दिसावेत. पोहताना घालता आलं तर फारच बरं. शनिवारी दुकानात जाणार आहे, हातात फार तर तासभर असेल. काय बघू आणि कोणत्या क्रमाने?

तिसरा_काटा

सिरीज १ सोडून द्या, स्वस्त असलं तरी. त्यात जीपीएस नाही, म्हणजे चालण्याचा मार्ग हवा असेल तर फोन खिशात हवाच. पाण्याच्या बाबतीत ते आयपीएक्स७ आहे: हात धुताना, पावसात शिंतोडे चालतात, पोहणं नाही. आणि त्याची प्रणाली वॉचओएस ६.३ ला कायमची थांबली. सिरीज ३ ची ८.८.१ ला थांबली, पण त्यात जीपीएस आहे, उंची मोजणारा बॅरोमीटर आहे आणि कारखान्यातून निघताना ५० मीटरचं पाणीरोधक मानांकन होतं. ("होतं" असं मुद्दाम लिहिलंय, त्यावर पुढे कोणी लिहिलं नाही तर मी लिहितो.)

सिरीज १ मध्ये आणखी एक गफलत होते. २०१५ चं अगदी पहिलं ॲपल वॉच आणि २०१६ चं सिरीज १ दिसायला सारखेच, म्हणून पहिलं वॉच सिरीज १ म्हणून खपवलं जातं. पहिल्या वॉचची प्रणाली ४.३.२ ला संपली आणि त्याची चिप एकाच कोअरची, त्यामुळे ते फारच संथ चालतं. डब्यावर काय छापलंय ते बघू नका, क्रमांक बघा. घड्याळ जोडल्यावर आयफोनच्या वॉच ॲपमध्ये जनरल > अबाउट उघडा आणि "मॉडेल" या ओळीवर एकदा बोट टेकवा. तिथे 'ए'ने सुरू होणारा क्रमांक येतो:

पहिलं वॉच: ए१५५३ (३८ मिमी), ए१५५४ (४२ मिमी)
सिरीज १: ए१८०२, ए१८०३
सिरीज २: ए१७५७, ए१७५८
सिरीज ३ जीपीएस: ए१८५८, ए१८५९

तुमच्या पहिल्या पर्यायाचा क्रमांक ए१८५९ च यायला हवा. बोट टेकवण्याआधी त्याच ओळीत जो क्रमांक दिसतो त्याचं पहिलं अक्षरही वाचा. 'एम' म्हणजे नवं म्हणून विकलेलं, 'एफ' म्हणजे ॲपलने स्वतः रिफर्बिश केलेलं, 'एन' म्हणजे बदली म्हणून दिलेलं. दुकानदार "कंपनी रिफर्बिश्ड" म्हणत असेल आणि अक्षर 'एम' असेल, तर ते ॲपलने रिफर्बिश केलेलं नाही; उघडलं असेल तर त्याने किंवा त्याच्या कारागिराने. तेवढ्यावरून ते वाईट ठरत नाही, पण किंमत त्या हिशेबाने करा.

चावी_उघडा

क्रम विचारलात म्हणून सांगतो. सगळ्यात आधी कुलूप, बाकी सगळं नंतर. काच चकचकीत, पट्टा नवा आणि घड्याळ दुसऱ्याच्या ॲपल आयडीला बांधलेलं, असं असेल तर त्याचा उपयोग शून्य. हे कुलूप, म्हणजे ॲक्टिव्हेशन लॉक, वॉचओएस २ पासून आहे, म्हणजे तुमचे दोन्ही पर्याय त्यात येतात.

इथे एक समज खूप खोलवर रुजलाय: "घड्याळ रीसेट केलंय, म्हणजे मोकळं आहे." तसं नाही. घड्याळातच सेटिंग्ज > जनरल > रीसेट करून सगळं पुसलं तरी लॉक तसंच राहतं. ते मुख्यतः दोन रस्त्यांनी निघतं. एक, जुन्या मालकाने आपल्या आयफोनच्या वॉच ॲपमधून "अनपेअर" करून (म्हणजे फोनशी जोडणी तोडून) ॲपल आयडीचा पासवर्ड टाकणं. दोन, आयक्लाउडच्या संकेतस्थळावर लॉगिन करून ते उपकरण खात्यातून काढणं. दोन्हीला मालकच लागतो.

म्हणून पैसे देण्यापूर्वी घड्याळ तुमच्याच फोनला पूर्ण जोडून घ्या. दुकानदाराच्या फोनला जोडलेलं दाखवलं तर तो पुरावा नाही. गोल ठिपक्यांचा नमुना कॅमेऱ्यात धरला की जोडणी सुरू होते. लॉक असेल तर मधेच जुन्या मालकाचा आयडी आणि पासवर्ड मागितला जातो, ईमेलचा थोडासाच भाग दिसतो, बाकी ठिपके. ती पाटी दिसली की घड्याळ काउंटरवर ठेवा. "नंतर काढून देतो" यावर थांबू नका. फोनवर इंटरनेट चालू ठेवा, लॉकची तपासणी नेटवरूनच होते. जोडणीला १५-२० मिनिटं सहज जातात. तेवढ्यात पुढच्या तपासण्या होणार नाहीत, म्हणून तासभर धरलात ते बरोबर.

गोंद_आणि_काच

"बॅटरी नवीन टाकली" हे वाक्य जमेचं वाटतं, पण त्याचा अर्थ नीट बघा. या घड्याळात बॅटरी काचेच्या खाली असते आणि काच गोंदाने बसवलेली असते. बॅटरी बदलली म्हणजे काच उष्णता देऊन, पातळ पातं सरकवून उचलली. मूळचा गोंद तिथेच संपला. कारागिराने जुना गोंद आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून, नवी कापीव गोंदपट्टी लावून, दाबाखाली ठेवून काच बसवली असेल तर धूळ आणि शिंतोडे अडतात. पण कारखान्यातली ५० मीटरची चाचणी पुन्हा झालेली नसते. बॅटरी बदललेलं घड्याळ घालून पोहू नका, गॅरंटी काहीही असो. पाणी आत गेलं की आधी स्पीकर बसतो आणि मग बोर्ड गंजतो.

उघडताना आणखी एक गोष्ट फाटते. सिरीज ३ पर्यंतच्या सगळ्या घड्याळांत काचेच्या कडेखाली फोर्स टचची (बोटाचा दाब ओळखणारी) चौकटीसारखी पट्टी असते, दोन्ही बाजूंनी चिकटवलेली. पातं दोनेक मिमीपेक्षा आत गेलं किंवा चुकीच्या थरात घुसलं की ती पट्टी चिरते. सिरीज १ आणि २ मध्ये हे लगेच कळतं: घड्याळाच्या मुख्य चेहऱ्यावर बोट जोरात दाबा, चेहरे बदलायचा पडदा यायला हवा. नाही आला तर पट्टी गेली आणि काम हलक्या हाताने झालेलं नाही. सिरीज ३ वर वॉचओएस ७ किंवा ८ असेल तर ही परीक्षा होत नाही. वॉचओएस ७ पासून ॲपलने जोरात दाबण्याची सोय काढली, आता नुसतं बोट धरून ठेवलं तरी चालतं. तिथे कडेच बघाव्या लागतात.

कडा बघायची रीत अशी. पट्टा काढा. घड्याळ डोळ्यांच्या पातळीवर आडवं धरा, मागून फोनची टॉर्च लावा. काच आणि धातूमधली रेघ चारही बाजूंना सारखी हवी. एका बाजूला ती रुंद दिसली किंवा मधून उजेड झिरपला, तर बॅटरी फुगत असेल नाहीतर काच नीट बसलेली नसेल. मग बिलाचा साधा कागद घ्या आणि त्याचा कोपरा त्या रेघेत सरकवून बघा. कुठेही आत शिरला तर घड्याळ परत द्या. गोंदाचे पांढरट ठिपके, कोपऱ्यावर पात्याचा ओरखडा, काचेच्या आतून बोटाचा ठसा: हे सगळं उघडल्याचं लक्षण.

त्याच उजेडात काचेच्या गोलसर कडेवर केसाएवढी रेघ शोधा. ॲल्युमिनियमच्या सिरीज २ आणि ३ ला कडेने तडा जाण्याचा दोष होता. ॲपलने ऑगस्ट २०१९ मध्ये त्यासाठी मोफत काच बदलून देण्याची योजना काढली होती, तिची मुदत केव्हाच संपली. तडा एका बाजूने सुरू होतो आणि कडेकडेने फिरत जातो. नख फिरवलं की अडकतं.

सांगली_सर्किट

वरच्याशी बहुतांशी सहमत, पण बॅटरी बदललेली म्हणून घड्याळ नाकारू नका. सिरीज ३ सप्टेंबर २०१७ पासून सप्टेंबर २०२२ पर्यंत विकलं गेलं. एकाच नावाची दोन घड्याळं पाच वर्षांच्या अंतराची असू शकतात. २०१७ चा मूळ सेल अजून आत असेल तर तो फुगण्याचा धोका नव्या सेलपेक्षा जास्त. पोहणं सोडून दिलंत तर नीट बसवलेली नवी बॅटरी मला जास्त पटते.

तपासणी: सेटिंग्ज > बॅटरी > बॅटरी हेल्थ (वॉचओएस ७ किंवा पुढचं हवं). पण तिथल्या १०० टक्क्यांवर विसंबू नका, बाहेरच्या (ॲपलच्या नसलेल्या) सेलवर तो आकडा खरा असेलच असं नाही. कंट्रोल सेंटरमधून टॉर्च लावा, उजेड पूर्ण करा आणि बाकीचं बघत बसा. टक्के एकेक करून उतरले पाहिजेत. ६० वरून एकदम ४८, किंवा ३० ला घड्याळ बंद, असं झालं तर सेल कमकुवत. ४२ मिमी जीपीएसचा मूळ सेल ३४२ एमएएचचा आणि नव्या घड्याळाला कंपनीचा दावा १८ तासांचा. म्हणजे रोज रात्री चार्जिंग गृहीत धरा.

एक छोटी युक्ती सांगतो, तिच्यात तीन गोष्टी एकदम तपासून होतात. कंट्रोल सेंटरमध्ये पाण्याच्या थेंबाचं बटण दाबा, पडद्याचा स्पर्श बंद होईल. आता कडेची चकती (डिजिटल क्राउन) फिरवा. घड्याळ टोन वाजवत पाणी बाहेर टाकायचा खेळ करतं. चकती अडखळत असेल तर वर्तुळ भरत नाही. स्पीकर गेलेला असेल तर टोन घोगरा येतो. शेवटी पडद्याचा स्पर्श परत चालू झाला की बोटाने चारही कोपरे चालतात का ते बघा. मग हार्ट रेट ॲप उघडून घड्याळ मनगटावर घट्ट बांधा. मागे हिरवे दिवे लुकलुकून थोड्या वेळात आकडा यायला हवा.

चकती अडखळली तर ॲपलची अधिकृत कृती म्हणजे घड्याळ बंद करून, पट्टा काढून, कोमट गोड्या पाण्याच्या बारीक धारेखाली १०-१५ सेकंद फिरवणं. उघडलेल्या घड्याळावर ही कृती करू नका. तिथे ओलसर, धागे न सुटणारं फडकं पुरे.

मुळाकाठ

खूप आभार सगळ्यांचे. पोहणं मनातून काढलं. दुकानदाराला फोन केला, त्या घड्याळात वॉचओएस ७.३ आहे आणि अपडेट "जागा अपुरी" म्हणून अडतंय. हा दोष समजायचा का?

चावी_उघडा

दोष नाही, सिरीज ३ जीपीएसचा स्वभावच तो. एकूण साठा ८ जीबी, त्यातला मोठा हिस्सा प्रणालीच खाते. अपडेट उतरवायला आणि उलगडायला वेगळी मोकळी जागा लागते. गाणी-फोटो काढून टाकले तरी पुष्कळदा पुरत नाही. खुद्द ॲपलनेच फोनवर सूचना द्यायला सुरुवात केली होती की अनपेअर करून परत जोडा आणि मग अपडेट करा.

ते असं करा. वॉच ॲपमधून अनपेअर करा (बॅकअप आपोआप फोनमध्ये जातो). परत जोडताना "नवीन घड्याळ" निवडा, बॅकअप ओढू नका. ॲप्स बसवायचं विचारलं की नाही म्हणा. गाणी-फोटो सिंक न करता सरळ जनरल > सॉफ्टवेअर अपडेटला जा. घड्याळ चार्जरवर आणि किमान ५० टक्के भरलेलं हवं, फोन जवळ हवा. हे घड्याळ फक्त २.४ गिगाहर्ट्झचं वायफाय पकडतं, राउटरवर ५ चंच नाव चालू असेल तर ते दिसणारच नाही. उतरवणं ब्लूटूथवरून फार रेंगाळतं. उरलेला वेळ दिसू लागला की फोनच्या सेटिंग्जमधून ब्लूटूथ बंद करा, घड्याळ वायफायवर जातं आणि वेग वाढतो. "तयारी चालू" आलं की परत चालू करा. ८.८.१ झालं की पुन्हा ही कटकट नाही, त्यापुढे अपडेटच नाही.

जमलं तर हे दुकानदारालाच करून ठेवायला सांगा आणि मग अनपेअर करून मागा.

तिसरा_काटा

राहिलेल्या दोन-तीन गोष्टी. नोटिफिकेशन जुन्या प्रणालीवरही येतात, देवनागरी व्यवस्थित दिसते. पण व्हॉट्सॲपचं घड्याळासाठीचं स्वतंत्र ॲप वॉचओएस १० आणि सिरीज ४ पासून पुढेच चालतं. ईसीजी आणि पडल्याची सूचनाही सिरीज ४ पासूनच. घरातल्या वयस्कर माणसासाठी घेत असाल तर थोडे पैसे साठवून तिकडे जा.

चकतीवर लाल ठिपका असेल तर ते सेल्युलर (मोबाइल नेटवर्कवर चालणारं) मॉडेल आहे, नुसतं जीपीएसचं नाही. तसलं घड्याळ अमेरिकेतून आलेलं असेल (ए१८६०, ए१८६१) तर इथल्या नेटवर्कच्या भरवशावर घेऊ नका.

पट्ट्याची चिंता नाही. ४२ मिमीच्या खाचेत ४४ आणि ४५ मिमीचे पट्टे बसतात. फक्त सिरीज १० पासून "४२ मिमी" हे नाव लहान आकाराला गेलंय, त्या घड्याळाचा पट्टा तुमच्याला बसणार नाही. पट्टा घेताना जुना काढून सोबत न्या आणि खाचेत सरकवून "टक्" आवाज येतो का बघा.

चार्जर डब्यात काय दिलाय तोही लावून बघा. घड्याळ चुंबकाने स्वतःहून जागेवर ओढलं गेलं पाहिजे आणि विजेचं हिरवं चिन्ह दिसलं पाहिजे. दहा मिनिटांत मागची बाजू हाताला सोसवणार नाही इतकी तापली तर चार्जर नकली असू शकतो. दुसरा मागा, त्याच बैठकीत.